राहायला जायच्या आधी सगळंच करून घ्यायचं का?

पत्र थोडक्यात असं: नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी शाळेत. बरीच वर्षं भाड्याने राहून आता शहरात दोन बेडरूमचा रिसेल फ्लॅट घेतलाय, इमारत 25 वर्षं जुनी. चावी मिळालीये पण अजून भाड्याच्या घरातच आहेत, म्हणजे भाडं आणि होम लोनचा हप्ता दोन्ही चालू. पत्र लिहिणाऱ्या ताईंची आई आता त्यांच्याकडेच राहायला येणार आहे, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. नवऱ्याला किचन आणि हॉलमधली भिंत पाडून ओपन किचन करायचंय, मोठ्या बेडरूमचं टॉयलेट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून त्या जागी वॉर्डरोब हवाय, आणि सगळीकडे नवीन टाइल्स. ताईंना एवढं सगळं नको वाटतं, पण लोक घर बघायला येतील तेव्हा ते जुनाट दिसेल याचीही चुटपूट आहे. कॉन्ट्रॅक्टरने सगळ्याचा मिळून एकच आकडा दिलाय, तो बजेटच्या जवळजवळ दीडपट आहे, आणि त्याचं म्हणणं "एकदा सामान आलं की मग काही होत नाही, जे काय ते आत्ताच उरकून घ्या". प्रश्न असा की कर्ज वाढवून सगळं आत्ताच करावं का हळूहळू करत जावं, आणि हळूहळू करायचं तर सुरुवात कुठून?

ताई, आधी घराबद्दल मनापासून अभिनंदन. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना ते पैशाचं पत्र वाटलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की पैशापेक्षा घाईचं जास्त आहे. भाडं आणि हप्ता एकत्र जातोय ना, त्यामुळे प्रत्येक दिवस महाग वाटतो, आणि त्या तणावात कोणी म्हणालं की आत्ता नाही तर कधीच नाही, तर ते खरं वाटायला लागतं.

तर आधी त्या वाक्याकडेच बघू. कॉन्ट्रॅक्टर खोटं बोलत नाहीये पण तो अर्धंच सांगतोय. काही कामं खरोखरच माणसं राहत असताना होत नाहीत. भिंती फोडून पाइप बदलणं, वायरिंग, बाथरूम उकरणं, फरशी काढणं. यात धूळ असते, पाणी बंद, लाइट बंद, आणि आई घरात असताना तर हे अशक्यच. पण वॉर्डरोब, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, किचनचे शटर्स, दिवे, पडदे, यातलं बरंचसं सहा महिन्यांनी, वर्षानेसुद्धा होतं, एकेक खोली रिकामी करून. मोठ्या आकड्यात या दोन्ही प्रकारची कामं एकत्र घातलेली असतात म्हणून सगळंच तातडीचं दिसतं.

म्हणून मी तुम्हाला एकच विभागणी सुचवते, भिंतीच्या आत काय आहे आणि भिंतीच्या बाहेर काय आहे. आतलं आत्ता, बाहेरचं नंतर. गंमत अशी की बघायला येणाऱ्यांना फक्त बाहेरचं दिसतं, आणि बजेट कमी पडलं की आपण सगळे आतल्यालाच कात्री लावतो, कारण पाइपवर खर्च केलेला पैसा कोणाला दाखवता येत नाही. आणि मग दोन वर्षांनी नव्याकोऱ्या टाइल्स फोडून गळका पाइप शोधावा लागतो.

सुरुवात बाथरूमपासून करा. माझं यात अगदी ठाम मत आहे, 25 वर्षांच्या इमारतीत सगळ्यात आधी पैसा ओल्या जागांवर जायला हवा. काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट करा जिला काहीच खर्च नाही, खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे जा, ओळख करून घ्या आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. तिथे डाग, पोपडे, पांढरी खारट पावडर दिसली तर तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, मग तुमच्याकडे टाइल्स कितीही चकाचक असोत. तसंच वरच्यांच्या बाथरूमची ओल तुमच्या छताला दिसत असेल तर ती त्यांनी दुरुस्त करेपर्यंत तिथे फॉल्स सीलिंग लावून झाकू नका, रंगही देऊ नका. ओल झाकली की थांबत नाही, फक्त दिसायची थांबते, आणि सळई गंजत राहते.

बाथरूम उघडायचंच असेल तर अर्धवट उघडू नका. जुन्या टाइल्सवर नवीन टाइल चिकटवायची पद्धत हल्ली खूप चालते, बेडरूममध्ये ठीक आहे पण बाथरूममध्ये मला पटत नाही. एक तर खालचं वॉटरप्रूफिंग आहे तसंच राहतं, आणि दुसरं म्हणजे टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून जमीन सव्वा-दीड सेंटिमीटर वर येते, बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम खाली असायला हवं ते तसं राहत नाही आणि पाणी बाहेर यायला लागतं. सगळं काढा, पाइप बदला, वॉटरप्रूफिंग करा, आणि टाइल लावायच्या आधी नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं भोक) बंद करून एक-दोन इंच पाणी भरून ठेवा, 24 तास तरी, 48 तास ठेवलं तर उत्तम. पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि खालच्यांचं छत परत जाऊन बघा. कामगार म्हणतील गरज नाही, पक्कं केलंय. तरी करा. ही टेस्ट झाल्याशिवाय टाइल लावायची नाही असं आधीच लिहून घ्या. उताराचं पण बघा, दर मीटरला साधारण 10 ते 12 मिलिमीटर उतार ट्रॅपकडे हवा, बादलीभर पाणी ओतून कुठे साचतंय का हे प्लंबर साइटवर असतानाच बघायचं.

पाइपचं म्हणाल तर इतक्या जुन्या घरात लोखंडी जीआय पाइप असण्याची शक्यता बरीच आहे. सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर पाणी तांबूस येतं का, दोन नळ एकदम सोडले की धार बारीक होते का, बघा. तसं असेल तर पाइप आतून गंजलेले असू शकतात. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच (उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप) टाकायला सांगा, साधा यूपीव्हीसी गरम पाण्यासाठी नसतो. आणि भिंत बुजवायच्या आधी लाइनला प्रेशर टेस्ट लावून, म्हणजे पंपाने पाण्याचा दाब देऊन, ती काही तास तशीच ठेवायची.

आता टॉयलेट सरकवायचा विषय, इथे मी तुमच्या मिस्टरांशी सहमत नाही, आणि का ते सांगते. बऱ्याच इमारतींमध्ये बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, साइटवर त्याला संकन म्हणतात, त्यात पाइप लपतात. त्या चौकोनाच्या बाहेर टॉयलेट नेलं की पाइपला स्लॅबच्या वरूनच जावं लागतं. कमोडचा पाइप चार इंची, म्हणजे बाहेरून 11 सेंटिमीटर, आणि त्याला दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार द्यायचा. दोन मीटर लांब नेलं तर पाइप आणि उतार मिळून जमीन 15 सेंटिमीटरच्या वर उचलावी लागते, म्हणजे बाथरूममध्ये शिरायला एक चांगली पायरी. ज्या घरात गुडघे दुखणारी आई येणार आहे त्या घरात आपण पैसे देऊन पायरी बांधतोय! शिवाय नवीन जागा खालच्यांच्या बेडरूमवर येते, उद्या गळलं तर त्यांच्या पलंगावर. आणि एवढं सगळं कशासाठी, तर एका वॉर्डरोबसाठी. वॉर्डरोबला दुसरी भिंत शोधता येईल.

आईंचं मात्र आत्ताच बघायला हवं, कारण ते काम टाइलच्या आतलं आहे. कमोडशेजारी आणि शॉवरपाशी धरायला दांडा लागतो, साधारण 33 ते 36 इंचांवर, आणि तो माणसाचं सगळं वजन घेणार असतो, त्यामुळे तो पोकळ ब्लॉकच्या किंवा बोर्डच्या भिंतीवर नुसत्या स्क्रूने लावून चालत नाही, मागे भक्कम आधार टाइलच्या आधीच द्यावा लागतो. आज दांडा नको असं आई म्हणाल्या तरी आधार देऊन ठेवा आणि जागेचा फोटो काढून ठेवा. शक्य असेल तर बाथरूमचं दार रुंद करून घ्या, बऱ्याच फ्लॅटमध्ये ते इतकं अरुंद असतं की वॉकर तिरका करून न्यावा लागतो, 80 सेंटिमीटर मोकळी वाट मिळाली तर व्हीलचेअरसुद्धा जाते. उंबरा जितका कमी तितकं चांगलं. टाइल मॅट, पकड असलेली, आणि शक्यतो लहान साइजची, कारण सांधे जास्त म्हणजे पकड जास्त. आणि आईंच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत जायच्या वाटेवर एक दिवा आणि त्याचा पलंगाजवळच हाताला येईल असा स्विच, रात्री अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून. खरं तर हे दहा-पंधरा वर्षांनी तुम्हाला दोघांनाही लागणारच आहे.

वायरिंग दुसऱ्या नंबरला. 25 वर्षांपूर्वी घरात दोन-चार दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज एवढंच धरून वायर टाकलेली असायची. आज 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, तेवढाच इंडक्शन, वर एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासून घ्या आणि अर्थिंग खरंच आहे का ते बघा, तीन पिनचा सॉकेट दिसतो म्हणून आत अर्थची वायर असतेच असं नाही. गीझर, एसी, किचन यांना वेगळी सर्किट्स आणि वेगळे एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच), आणि मुख्य बोर्डवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच). एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, बजेटमधून हा कधीच काढू नका. सॉकेट कुठे हवेत हे कॉन्ट्रॅक्टरला ठरवू देऊ नका, रिकाम्या घरात खडू घेऊन फिरा, पलंग इथे, टेबल इथे, आईंची खुर्ची इथे, असं जमिनीवर आखा आणि त्याप्रमाणे भिंतीवर खुणा करा. वाटतात त्यापेक्षा दोन-चार जास्तच ठेवा.

भिंतीत खाचा मारताना एक लक्ष ठेवा, कॉलम, बीम आणि स्लॅबला छिन्नी लागता कामा नये, आणि आडव्या लांब खाचा शक्यतो नकोत. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी फार तर एक षष्ठांश. आणि प्लास्टर करून बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी लावून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे वायर कुठे हे कळतं. हे अर्ध्या तासाचं काम पुढची वीस वर्षं उपयोगी पडतं.

आता ती भिंत. तुमच्या मिस्टरांना मोकळं घर हवंय ही इच्छा चुकीची नाहीये, बरीच वर्षं भाड्याच्या छोट्या खोल्यांत काढल्यावर हे वाटणारच, आणि तुम्ही "उगाच खर्च" म्हणून ती उडवून लावू नका. पण दोन प्रश्न वेगळे करा, भिंत पाडता येते का आणि पाडायला हवी का. पहिल्याचं उत्तर ना तुमच्याकडे आहे ना कॉन्ट्रॅक्टरकडे. भिंतीवर टकटक करून किंवा जाडी बघून ती भार घेते का हे कळत नाही. आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत भार कॉलम-बीमवर असतो आणि मधली विटांची भिंत नुसती पार्टिशन असू शकते, पण काही इमारती भिंतींवरच उभ्या असतात, आणि काहींमध्ये भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, त्यांना हात लावणं म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांशी खेळ. इमारतीचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळवा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून त्याचं मत लेखी घ्या, आणि सोसायटीची लेखी परवानगी. हे तीन कागद हातात नसताना कोणी घण उचलत असेल तर थांबवा, मग तो कितीही अनुभवी असो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे राहिल्याशिवाय येत नाही. ओपन किचन म्हणजे तेलकट वाफ सोफ्यापर्यंत, मिक्सरचा आवाज मुलीच्या अभ्यासापर्यंत, आणि त्या भिंतीवरची सगळी कपाटं गेली. काहींना हे चालतं, काहींना अजिबात नाही, आणि तुम्ही कोणत्या गटात आहात हे प्लॅनवर बोट ठेवून ठरत नाही. एक मधला मार्ग आहे, इंजिनिअरने हो म्हटलं तर पूर्ण भिंतीऐवजी ओट्याच्या वर एक मोठी खिडकी काढायची, सरकती काच लावून. उजेड येतो, बोलता येतं, खालची कपाटं वाचतात. फक्त एक बघा, भिंतीचं काम, पूर्ण असो किंवा खिडकी, धुळीचं आहे, त्यामुळे इंजिनिअरचं मत आत्ता घ्या आणि करायचंच असेल तर आत्ताच करा. दोघांचं एकमत होत नसेल तर मात्र या वेळी सोडून द्या. राहिलेली भिंत नंतर पाडता येते, पाडलेली परत बांधायची कोणाची तयारी नसते.

किचनमध्येच बोलायचं तर ट्रॉल्यांचे सांगाडे खणखणीत असतील, ओल लागून फुगले नसतील, तर पूर्ण मॉड्युलर किचन बदलू नका. शटर्स, बिजागऱ्या, चॅनल्स बदलले की नव्यासारखं दिसतं. सिंकखालचा भाग तेवढा नीट तपासा, सडायला सुरुवात तिथूनच होते.

टाइल्स. हॉल आणि बेडरूमच्या टाइल्स नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज येत असेल तर ती सुटलेली आहे. चार-पाचच पोकळ असतील तर तेवढ्याच बदलायच्या, अगदी तशीच मिळाली नाही तर पलंगाखालची चांगली टाइल काढून दर्शनी जागी लावायची आणि वेगळी पलंगाखाली. नुसता रंग आवडत नाही म्हणून पूर्ण घराची फरशी काढणं हा राडारोडा आणि पैसा दोन्ही मोजून मग ठरवा. वरून दुसरा थर लावायचा असेल तर दर चौरस मीटरला 20-25 किलो वजन वाढतं हे इंजिनिअरच्या कानावर घाला, आणि सगळी दारं खालून तासावी लागतील ते पण खर्चात धरा. मला विचाराल तर डीप क्लीनिंग, सांध्यांना नवीन ग्राउट, आणि एक वर्ष थांबणं.

जुनाट दिसेल याची जी चुटपूट आहे तिच्यासाठी सगळ्यात स्वस्त दोन गोष्टी रंग आणि दिवे. रंगाला घाई करू नका, नवीन प्लास्टर निदान आठवडाभर पाणी मारून आणि मग साधारण 28 दिवस वाळू द्या, ओल्या भिंतीवर रंग दिला की फुगे येतात आणि मग दोष रंगाच्या कंपनीला. इमारत जुनी आहे म्हणून आधीच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासायला देऊ नका, ओलं करून खरवडायचं, आणि मुलीला त्या दिवसांत साइटवर अजिबात नेऊ नका. दिवे हॉल-बेडरूममध्ये 2700 ते 3000 केल्विनचे उबदार घ्या, ओट्यावर आणि अभ्यासाला 4000. पांढऱ्याफटक एका ट्यूबखाली कितीही महागडं इंटिरिअर रुक्षच दिसतं. आणि ताई, जे तुमच्यावर प्रेम करतात ते घर बघायला येणारच आहेत, त्यांना तुमची आई आरामात वावरताना दिसली तर फरशीचा रंग कोणी बघत नाही हो.

रिसेलला भाव येईल म्हणून करा असं कोणी म्हणत असेल तर तेही सोडून द्या, तुम्ही लगेच विकणार नाही आहात आणि पुढचा घेणारा तुमच्या आवडीचं बरंचसं काढूनच टाकेल. कोरड्या भिंती आणि नीट वायरिंग मात्र त्यालाही हवंच असेल.

कर्ज वाढवण्याबद्दल. आत्ता जो आकडा दिलाय तो धरून काहीच ठरवू नका, कारण तो आकडा म्हणजे नक्की काय हेच तुम्हाला माहीत नाही. प्रत्येक कामाचं माप, दर, मटेरियलची कंपनी आणि ग्रेड असं आयटमनुसार कोटेशन मागा, दोन-तीन जणांकडून, सगळ्यांना एकच यादी देऊन. जुन्या घरात भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणून 15 ते 20 टक्के बाजूला काढून ठेवा आणि ते आहेत हे कॉन्ट्रॅक्टरला सांगू नका. पैसे तारखेप्रमाणे नाही तर झालेल्या कामाप्रमाणे द्यायचे, पाण्याची टेस्ट पास झाली की इतके, वायरिंग तपासून झालं की इतके, आणि शेवटचे 10 टक्के सगळ्या बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावरच. मधेच काही वाढीव काम निघालं तर आधी मेसेजवर रक्कम लिहून घ्या, मग काम.

वेळेचं पण तसंच, बाथरूम, पाइप, वायरिंग, प्लास्टर, रंग एवढंच धरलं तर साधारण दोन-अडीच महिने धरून चाला, आणि भाड्याच्या घराची नोटीस त्यात थोडी ढील ठेवूनच द्या. नोटीस आधी देऊन मग काम उरकायला गेलात तर सगळ्यात आधी बळी जाते ती पाण्याची टेस्ट आणि प्लास्टरची वाळायची मुदत.

या आठवड्यात दोघांनी मिळून रिकाम्या घरात एक दुपार काढा, आईंनाही घेऊन जा, आणि त्यांना बाथरूमपर्यंत चालून बघू द्या, कुठे हात टेकावासा वाटतो ते त्याच सांगतील. मग कॉन्ट्रॅक्टरकडे फक्त बाथरूम, पाइप, वायरिंग आणि रंग एवढ्याचाच वेगळा आकडा मागा, आणि तो हातात आल्यावर बँकेत जायची खरंच गरज आहे का ते ठरवा.